राक्षसाचा चेहरा

मुलांच्या चित्रपुस्तकासाठी राक्षस काढायचा होता आणि काही केल्या चेहरा जमेना. शेवटी मी आमच्या गेटवरच्या वॉचमनकाकांचाच उचलला. भाजलेला गाल, अर्धा मिटलेला डोळा. शिंगं तेवढी मनाची. म्हटलं, ते कशाला बघायला जातायत मुलांची पुस्तकं!

पुस्तक धडाधड खपलं. राक्षसाचं पान आलं की मुलं किंचाळतात, असं दुकानदार कौतुकानं सांगायचा.

आज काका दारात उभे. हातात तेच पुस्तक, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं.

"ताई, नातीसाठी सही द्या ना यावर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, मी तुम्हाला विचारायला हवं होतं..."

"अहो, तिनं बघताक्षणी ओळखलं! आजोबा पुस्तकात आले म्हणून नाचतेय नुसती. रोज वाचून दाखवायला लावते."

"वाचून?"

"मी राजा म्हणून वाचतो. शिंगं म्हणजे मुकुट." सही वाळेपर्यंत त्यांनी पानावर फुंकर घातली आणि पुस्तक जपून मिटलं. "तिला अक्षरं यायला अजून वर्षभर आहे, ताई."