मचूळ

भरती लागली तसं इरावतीच्या मनगटावरचं यंत्र पुन्हा बोंबलू लागलं, 'पाणी गोडं नाही. पाणी खारं नाही. दोष शोधा.'

नदी आणि समुद्र यांच्यामध्ये पडदा उभा राहून तीस वर्षं झाली होती. दोघांची भेट आता वीजघराच्या नळ्यांतच होई आणि त्या भेटीतून अख्ख्या जिल्ह्याचे दिवे लागत. पडद्याची देखभाल करणारी इरावती गळती बुजवायला लेपाचा डबा घेऊन निघाली खरी, पण मिसळलेलं पाणी तिला आधी डोळ्यांनी बघायचं होतं.

पडद्याच्या फटीपाशी वाडीतली म्हातारी सुगंधा तांडेल गुडघाभर पाण्यात वाकून चिखल चाचपत होती. टोपलीत मूठभर तिसऱ्या होत्या. इरावतीने शिंपले फक्त शाळेच्या कपाटात पाहिले होते. हे तर हात लावताच तोंड मिटून घेत होते!

"मावशी, हे पाणी कसलं?"

"चाखून बघ गे बाय."

इरावतीने ओंजळ ओठांना लावली. मीठ होतं, पण लांबून हाक मारल्यासारखं.

"मचूळ म्हणतत ह्येका," सुगंधा म्हणाली. "माझ्या आवशीचो शब्द. तीस वर्सां वापरूक गावलो नाय."

इरावतीच्या नोंदवहीतल्या तक्त्यात पाण्यासाठी दोनच चौकटी होत्या, गोडे आणि खारे. तिने खाली तिसरी आखली आणि तो शब्द लिहिला. 'दुरुस्ती'च्या रकान्यापाशी ती जरा थांबली. डब्याचं झाकण तिने उघडलंच नाही.

तिने लिहिलं, 'भरतीने केली आहे. हात लावू नये.'