नवा फोन की जुना?

ऑफिससाठी घ्यायचा नवा फोन साहेबांनी आधी आठवडाभर सगळ्यांना वापरायला दिला. जुन्याची बॅटरी घरी पोचेपर्यंत मान टाकायची, लिफ्टमध्ये रेंज जायची, आवाज तुटायचा. नव्यात यातलं काहीच नव्हतं. तरी सगळ्यांचं मत एकच: जुनाच बरा.

"घोडं पेंड खातंय तरी कुठे?" साहेब वैतागले आणि नवा फोन स्वतःच घरी घेऊन गेले. ऐन जेवणात मालकांचा फोन आला. साहेब सवयीने ओरडले, "हॅलो... हॅलो... सर, आवाज तुटतोय!"

"मला तर वहिनींचं हसूसुद्धा ऐकू येतंय," मालक म्हणाले. "उठा, ते कोटेशन आत्ताच पाठवा."

सकाळी साहेबांनी फर्मान सोडलं, "जुनाच मागवा. कसा अगदी वेळेवर बंद पडतो!"