बेरिंगची भाकरी

पत्र्याच्या फटीतून चांगुणाबाईला नवऱ्याचे हात तेवढे दिसत होते. काळे, ग्रीसनं माखलेले हात, आणि त्या हातांत तिनं पहाटे थापलेली भाकरी. रंगनाथ मिस्तरी ती भाकरी खात नव्हता. फडक्यात धरून शेजारच्या छबूबाईच्या चहाच्या टपरीकडं निघाला होता.

म्हणजे संशय खरा होता तर! दिवाळीपासून हा एक भाकरी जास्त बांधून मागत होता. भूक वाढली म्हणे. भूक वाढलेला माणूस अंगानं भरतो, हा आपला होता तसाच काटकुळा. आणि दिवस कसले? पावसाचा पत्ता नाही, विहिरी आटलेल्या, रेशनच्या लाल मिलो ज्वारीसाठी रांगा लागलेल्या. ती जास्तीची भाकरी काही आभाळातून पडत नव्हती. ती चांगुणाबाईच्या ताटातून जात होती. बरं, भाकरीचं एक वेळ सोडा. भाकरीमागनं माणूसच गेला तर दोन पोरी घेऊन तिनं जायचं कुठं? या विचारानं तिला झोप नव्हती. म्हणून आज ती बाजाराचं नाव सांगून घरातून निघाली आणि सरळ जामखेड रोडला, गॅरेजच्या मागं येऊन उभी राहिली.

"अवं," ती पत्र्याआडून बाहेर आली. "कुणाला चालली ती भाकरी?"

रंगनाथ जागच्या जागी थिजला. त्यानं टपरीकडं बघितलं, मग बायकोकडं, मग लिंबाखाली टायरवर उतरवून ठेवलेल्या मोटारीच्या इंजिनाकडं.

"कुणाला म्हंजे? बेरिंगला!"

"बेरिंगला?"

"क्लचचं काम हाय. हे चाक दिसतंय न्हवं, त्याच्या मधोमध बारकं बेरिंग बसतं. खराब झालं की क्लच दाबला का कोकलायला लागतं. आत असं रुतून बसतं की धरायला जागा न्हाई. मागनं रेटा दिल्याबिगर निघत न्हाई. त्याला भाकरी लागती. दर खेपंला लागती."

असलं काही चांगुणाबाईनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"येड्याला सांगा जावा," ती म्हणाली. "न्हाईतर काढून दावा माझ्यासमोर."

आता दाखवल्यावाचून सुटका नव्हती. रंगनाथनं भाकरी कुस्करली, पाण्यात कालवून तिचा गोळा केला आणि बेरिंगच्या भोकातून आत दाबून दाबून भरला. भोकात नेमका बसेल असा लोखंडी दांडा शोधला, तो वर टेकवला आणि हातोडी घातली. काही नाही. आणखी भाकरी, आणखी घाव. चांगुणाबाई कमरेवर हात ठेवून उभी. टपरीतून छबूबाईही पदर सावरत पुढं आली. रंगनाथला दरदरून घाम फुटला होता, आणि तो हातोडीकडं कमी अन् बायकोच्या तोंडाकडं जास्त बघत होता.

तेवढ्यात बेरिंग हललं. एका घावाला थोडं, पुढच्या घावाला आणखी थोडं. आत कोंडलेल्या भाकरीला कुठं जायला वाट नव्हती, तिनं मागनं रेटलं आणि बेरिंग आख्खंच्या आख्खं बाहेर आलं.

"अगं बया!" चांगुणाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय वैनी," छबूबाई म्हणाली. "मी तर रोजच बघते की. मला सुदिक आधी खरं वाटत नव्हतं."

चांगुणाबाईचा जीव भांड्यात पडला. एवढ्या साध्या माणसावर आपण काय काय आळ घेतला, या विचारानं तिला स्वतःचीच लाज वाटली. रंगनाथनं भोकातला लगदा खरवडून काढला, आतून लख्ख पुसलं, नवीन बेरिंग ठेवलं आणि हलक्या हातानं ठोकत ते सरळ जागेवर नेलं. ती कौतुकानं बघत राहिली. अन्न पायाखाली यायला नको म्हणून सांडलेला लगदा तिनं स्वतः गोळा करून झाडाच्या बुडाशी ठेवला.

"मला मेलीला भलतंच वाटलं," ती डोळे पुसत हसली. "सांगायचं तरी! उद्यापासनं बेरिंगची येगळी बांधून देते."

"दे," रंगनाथ म्हणाला. त्यालाही हसू आलं. छबूबाईनं लगबगीनं चहा आणला, वैनी पहिल्यांदाच आल्या म्हणून पैसे घेणार नाही म्हणाली.

चहा अर्धा झाला असेल नसेल, तोच मोटारीचे मालक कोर्टातली तारीख उरकून परत आले. पुणतांब्याचे उत्तमराव. माणूस दिलदार, पण आवाज चार शेतं पलीकडं जाईल असा. जुनं बेरिंग त्यांनी उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

"निघालं का रे शेवटी! कसं काढलंस?"

"भाकरीनं," चांगुणाबाईच अभिमानानं बोलली. "रोजची रीत हाय त्यांची."

"रोजची?" उत्तमराव खो खो हसले. "अहो बाई, सकाळी छिन्नी मारून मारून रडकुंडीला आला होता हा! मला म्हणाला, लष्करातले लोक ग्रीस भरून काढतात म्हणे, पण आपण असलं काही जन्मात करून बघितलेलं नाही. काय रे, म्हणालास का नाही?"

रंगनाथ खाली वाकून कसला तरी पाना शोधायला लागला.

चांगुणाबाईनं कप खाली ठेवला. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"काय वं छबूबाई," ती म्हणाली, "तुमी तर रोजच बघता नव्हं?"

छबूबाईनं घाईघाईनं काडी ओढली आणि ती स्टो पेटवायला वाकली. स्टो तर पेटलेलाच होता.