साहेबांची ठेव

पतपेढीचा जिना चढून साहेब आत आले तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. रस्त्यापलीकडच्या मोठ्या बँकेचे हे साहेब नुकतेच निवृत्त झाले होते. इतक्या वर्षांत त्यांनी या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

मॅनेजरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. जुनी सवय. याच साहेबांच्या हाताखाली त्यांनी उमेदीची वर्षं कारकुनी केली होती. कर्जविभागात बसवा म्हणून मागे लागल्या की साहेब हसून म्हणायचे, "बायकांचं मन हळवं. समोरचा रडला की तुम्ही तिजोरी उघडाल." शेवटी बाईंनी नोकरी सोडली आणि मैत्रिणींना गोळा करून समोरच, चपलांच्या दुकानाच्या वर, ही पतपेढी काढली.

"बसा ना साहेब. चहा सांगू?"

"नको. डॉक्टरांनी आणि बायकोने, दोघांनी साखर बंद केलीय. एकट्या डॉक्टरांचं मी ऐकलं नसतं."

साहेब बसले. खिशातून चेक काढून टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. निवृत्तीची सगळी रक्कम. मुदत ठेवीत टाकायची होती.

बाईंची नजर दाराकडे गेली. दाराशी बाकावर स्कूटर दुरुस्त करणारी एक बाई बसली होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली, हाताला कसब असलेली. गाळा घेण्यासाठी तिचं कर्ज कधीच मंजूर झालं होतं, पण द्यायला पैसे नव्हते. पतपेढीचं हेच जुनं दुखणं. कर्ज घेणारे सचोटीचे, पण ठेव ठेवणारे फिरकायचे नाहीत. पैसेवाले नाक मुरडायचे. म्हणायचे, तिथे कोणीही जातं.

"सगळीकडे चौकशी केली मी," साहेब म्हणाले. "व्याज तुमचं चांगलं, आणि थकबाकी नाममात्र. मला माझ्या बँकेत असं कधी जमलं नाही. अशी सोन्यासारखी माणसं तुम्हाला मिळतात तरी कुठून?"

बाईंनी चेककडे पाहिलं. 'देवाची कृपा' म्हणून वेळ मारून नेता आली असती. खरं बोललं तर चेक पुन्हा खिशात जाणार. बाकावरची बाई रुमालाने बोटांचं ग्रीस पुसत होती. पण एखाद्याची आयुष्यभराची पुंजी घ्यायची आणि ती कोणाच्या हातात जाणार हे त्याच्यापासून लपवायचं, हे बाईंना जमेना.

"तुमच्याकडून," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्ही ज्यांना परत पाठवलंत ना, ती माणसं. बँकेच्या दारातून कोणी तोंड पाडून बाहेर पडलं की आमच्यातली एक जण धावत खाली जायची."

बाईंनी त्यांना खिडकीशी नेलं. खाली शाळेच्या मुलांची पिवळी व्हॅन उभी होती. चालवणारी विधवा बाई हॉर्नवर हात ठेवून समोरच्या रिक्षावाल्याचा उद्धार करत होती. "हिला तुम्ही म्हणाला होतात, एकटी बाई गाडी काय चालवणार," बाई म्हणाल्या. पलीकडे शिंप्याचं दुकान. त्याला ऐकू येत नव्हतं. आता त्याच्या हाताखाली कारागीर होते. कोपऱ्यावर बेकरी, आणि बेकरीपुढे रांग.

"हा बेकरीवाला नाल्यापलीकडच्या वस्तीतला. पत्ता वाचूनच तुम्ही अर्ज बाजूला सारला होतात. आम्ही त्याच्या भट्टीपाशी जाऊन उभ्या राहिलो. पाव संपला म्हणून गिऱ्हाइकं आपसात भांडत होती. आणखी काय बघायचं?"

बाईंनी धीर करून मनातलं बोलून टाकलं.

"तुम्ही धान्य चाळलंच नाहीत, साहेब. आख्खं पोतंच उचलून दाराबाहेर ठेवलंत. आम्ही निवांत बसून निवडून घेतलं."

साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते टेबलाशी परतले आणि त्यांनी चेक उचलला. बाईंनी मनातल्या मनात त्या चेकला निरोप दिला.

पण साहेब जिन्याकडे गेले नाहीत. ते बाकासमोर जाऊन उभे राहिले.

"तुम्ही काय करता?"

"स्कूटरी दुरुस्त करते. गाळ्याचं कर्ज मंजूर झालंय, पैशांची वाट बघतेय."

"माझी सकाळी खोकते. चालू व्हायला फार वेळ घेते. खाली उभी आहे."

"खोकते की घरघरते?"

साहेब विचारात पडले. असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "आधी खोकते. मग रुसते."

"किल्ली द्या," ती म्हणाली आणि पदर खोचून खाली गेली.

साहेब खिडकीतून बघत राहिले. तिने स्कूटर एका अंगावर कलती केली, काहीतरी उघडलं, फुंकलं, पुसलं, पुन्हा बसवलं. वर नजरही टाकली नाही. थोड्या वेळाने खालून फट्‌कन आवाज आला. एका दमात, न खोकता, न रुसता.

साहेबांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. लहान मुलासारखं. त्यांनी चेक बाईंच्या हातात दिला. "पावती करा. आणि हिचा गाळा आजच होऊ दे."

बाईंनी पावतीवर शिक्का मारला तो जरा जास्तच जोरात. साहेबांनी पावतीची घडी केली, खिशात ठेवली आणि दाराशी जाऊन थबकले. इतक्या वर्षांचा बँकवाला तो, त्याला राहवेना.

"पण तुमचं एक कर्ज साफ बुडालंय म्हणे. एवढी पारखून माणसं घेता, मग हा कोण निघाला?"

बाईंनी हसू आवरायचा प्रयत्न केला, पण आवरेना.

"तुमचे मेव्हणे, साहेब. त्यांनी तुमचं नाव सांगितलं, आणि आम्ही दुकान बघायला न जाताच पैसे दिले."