खिडकीवाला साचा
हार्लन शिकारीची काडतुसं घरीच भरायचा. दुकानदार डेलमारने त्याच्यापुढे गोळी बसवायचे दोन साचे ठेवले. एकाने बसवलेल्या गोळ्यांत केसभरही फरक पडत नसे, पण भरायच्या यंत्राचा दांडा दाबताना गोळी काडतुसाच्या पुंगळीच्या तोंडावर बोटांनी धरावी लागे. दुसरा तितका अचूक नव्हता, पण त्याला बाजूला खिडकी होती. तिच्यातून गोळी आत सोडली की झालं. हार्लनचा हात वर्षभर थरथरत होता. औषधं, डॉक्टर, लोकांच्या चोरट्या नजरा, सगळ्याला तो विटला होता. “खिडकीवाला दे,” तो म्हणाला. “तेवढा फरक हरणाला कुठे कळतोय?” सोबत आलेली त्याची बायको ओपल आजवर त्याच्या या कामात पडली नव्हती. तिने पहिला साचा उचलला. “हाच घे. गोळी मी धरते.” “बोट चेंगरेल तुझं.” “मग दांडा सावकाश दाब.” हार्लनने मान डोलावली आणि घरी जाताना चालवायला ट्रकची किल्लीही तिच्या हातावर ठेवली.