दुसरी चिठ्ठी

"दाऊद सुतार, फव्वाझ बेक, हम्झा, जमील..." अधिकाऱ्याने एकेक करत बारा नावं वाचली, चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, आणि शाळेतल्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या विदादच्या जिवात जीव आला. ही तिच्या घरची.

आमच्याकडे गावच्या निवडणुकीत मत गुप्त असतं. कायद्यात तसं लिहिलंय म्हणे! नको ते नाव खोडायचीही मुभा आहे. पण आदल्या दिवशी गावचा वतनदार फव्वाझ बेक याची माणसं घरोघर चिठ्ठ्या वाटून जातात. नावं तीच बारा, पण क्रम प्रत्येक घराचा वेगळा. मोजणीत चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या असतात, आणि समोर बेकचा माणूस वही उघडून बसलेला असतो. दाऊद सुतार पहिला आणि बेक दुसरा, म्हणजे विदादच्या नवऱ्याचं, नायेफचं घर. घरात दोन मतं असली तर त्या क्रमाच्या दोन चिठ्ठ्या निघायलाच हव्यात. एक जरी कमी निघाली तरी त्या घराचं काही खरं नाही.

आज वही गस्सानकडे होती. गस्सान म्हणजे नायेफचा सख्खा चुलतभाऊ. त्याने खिडकीकडे बघून एक बोट वर केलं. एक आली, वहिनी.

विदादला बेकचं प्रेम उतू चाललं होतं असं नाही. त्याच्या खाणीने डोंगर पोखरला, आणि गावच्या झऱ्याची धार करंगळीएवढी उरली. बेक निवडून आला तर खाण राहणार, पडला तर बंद होणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण नायेफची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. खालच्या शहरात त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसची खाट मिळत होती ती बेकच्या एका फोनवर, आणि न्यायला-आणायला गाडी यायची तीही बेकचीच. उद्या सोमवार, जायचा वार. म्हणून सकाळी तिने अख्ख्या गावाची मनातल्या मनात माफी मागितली आणि दिलेली चिठ्ठी एकही नाव न खोडता पेटीत टाकली.

नायेफ तिच्या शेजारीच होता, चाकांच्या खुर्चीत. त्यालाही तिने बजावलं होतं, "दिलीय तश्शी टाक. उगाच शहाणपणा नको." त्यावर तो हो म्हणाला नव्हता, हे तिच्या आत्ता कुठे लक्षात आलं.

"दाऊद सुतार," अधिकाऱ्याने पुढची चिठ्ठी घेतली आणि थांबला. तो बैरूतहून आलेला, त्याला गावाचं सोयरसुतक नव्हतं. त्याने चिठ्ठी चष्म्याजवळ नेली. "दुसरं नाव खोडलेलं आहे. पुढे हम्झा, जमील..."

गस्सानचं पेन वहीवर तसंच थांबलं. मग तो उठला, पाय मोकळे करायला आल्यासारखा खिडकीशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "नायेफ, हे काय करून बसलास रे?"

"मत दिलं."

"डोकं फिरलंय का तुझं? वही थेट बेकपुढे जाते." त्याने मागे वळून पाहिलं. "ऐक माझं. मी सांगतो, आजारी माणूस आहे, हात थरथरला, रेघ भलतीकडे गेली. बेक मानेल. तू फक्त हो म्हण."

"हो म्हण ना," विदाद म्हणाली. "नायेफ, तुझ्या पाया पडते. हो म्हण."

नायेफने आपल्या हाताकडे पाहिलं. मांडीवर ठेवलेला होता तरी तो थरथरत होता.

"थरथरत होताच," तो म्हणाला. आतल्या बाकापर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "म्हणून तर दोनदा खोडलं."

आत कोणीतरी फस्सकन हसलं. गस्सानचं तोंड उतरलं. आता झाकून ठेवायला उरलं काय? तो टेबलाशी जाऊन बसला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि त्यानंतर त्याने खिडकीकडे मान वळवली नाही. अधिकाऱ्याने पुढची चिठ्ठी उघडली.

विदादने खुर्ची खसकन मागे ओढली आणि अंगणात नेऊन उभी केली.

"सगळ्या गावाचा केसाने गळा कापला मी आज! कोणासाठी? आणि उद्या गाडी आली नाही तर काय पाठुंगळी घेऊन जाऊ तुला?"

नायेफ पोखरलेल्या डोंगराकडे बघत होता.

"आणि तुला रे कशाला झऱ्याचा एवढा पुळका? दिवसाला तीन पेले पाणी सांगितलंय डॉक्टरनं, तेही गोळ्यांसकट! असा कितीसा झरा पिणार आहेस तू?" तिला रडू फुटलं. खिडकीशी उभ्या असलेल्या बायका वळून बघायला लागल्या, तिने पर्वा केली नाही.

नायेफने तिचं मनगट धरलं.

"मी कुठला पितोय," तो म्हणाला. "माझ्यामागं तुला इथंच राहायचंय ना."