आतून घासायचं नाही

फोन दोन मिनिटांचाच होता, पण तेवढ्यात घात झाला.

मास्तर ड्रमच्या लाकडी पिंपावरचं लाल चमचमतं आवरण गरम हवेने सोडवत होते. आवरण अलगद निघालं, तेवढ्यात फोन वाजला. बोलून वळून पाहतात तो हवेचं यंत्र तसंच चालू, लाकडाचे थर सुटलेले आणि पिंप एका बाजूने बसलेलं. गोलाई गेली की ड्रम गेला. चाळीस वर्षं ड्रम दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

पिंप साधं नव्हतं. आठवड्यापूर्वी एक बाई सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात आली होती. सोबत टेम्पोभर जुना लाल ड्रमसेट.

"हिच्या बाबांचा आहे," बाई म्हणाली होती. "ते जाऊन आठ वर्षं झाली. हिला वाजवायचाय, पण आमचं घर म्हणजे काडेपेटी. लहान करून द्याल?"

"आवाज मात्र बाबांचाच हवा हं, काका," मुलगी म्हणाली होती. आई तेव्हा दाराबाहेर रस्त्याकडे बघत होती.

छोटा सेट म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. मोठा सेट सभागृहासाठी, छोटा माणसांसाठी, असं ते येईल त्याला ऐकवत. तीन पायांवर उभा असतो तो जाडा ड्रम, म्हणजे टॉम, आडवा करायचा, त्याला पेडल जोडायचं, की झाला छोटा बास ड्रम. तो उगाच घुमत बसत नाही. ठुम्म म्हणतो आणि पुढच्या ठोक्याला जागा करून देतो. अख्खा सेट दोन पिशव्यांत मावतो, आणि शेजारी भांडायला येण्याऐवजी ऐकायला येतात.

आणि नेमकं त्या टॉमचंच पिंप मास्तरांनी भाजून काढलं होतं.

खरं सांगून टाकायला हवं होतं. मास्तरांनी शिडी लावली.

माळ्यावर त्याच मापाचं एक उघडंबोडकं पिंप धूळ खात पडलं होतं, कधीतरी भंगारातून उचललेलं. आवरण कुणीतरी खरवडून काढलेलं, पण गोलाई चोख. टिचकी मारली तर मऊ, भरीव उत्तर आलं. आतल्या बाजूला पेन्सिलीची एक वेडीवाकडी आकृती होती. घेतली असतील कुणी मापं, दुसरं काय! ती त्यांनी पुसली नाही. पिंप आतून घासायचं नाही, आवाज बदलतो, हा त्यांचा नियम. बाहेरून तेवढं लाल आवरण चढवलं. आता फरक खुद्द मास्तरांनाही सांगता आला नसता.

मुलीने सेट दुकानातच वाजवून पाहिला. पेडलवर पाय दाबला आणि ती थांबली. पुन्हा दाबला.

"हाच," ती म्हणाली. "बाबांचा हाच आवाज होता." आणि ढसाढसा रडायला लागली.

आईने तिला जवळ घेतलं, पण मास्तरांकडे पाहिलं नाही. मास्तरांचीही मान वर होईना. "फार घुमतोय वाटलं तर तोंडावर ताणलेला पुढचा पडदा काढून आत एक उशी ठेव," एवढंच ते पुटपुटले.

त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना. कुणी कामाची तारीफ केली की मेल्याहून मेल्यासारखं होई. एका पोरीच्या गळ्यात आपण भलत्याच बापाचा आवाज बांधला, हे मनातून जाईना.

पंधराव्या दिवशी, पडद्याचा ताण बघून देतो असं निमित्त काढून ते तिच्या घरी गेले. आतल्या खोलीत सेट वाजत होता. आईने स्वयंपाकघरात खुर्ची पुढे केली. मास्तर बसले नाहीत.

"ताई, मी तुमचा गुन्हेगार आहे," ते म्हणाले, आणि फोनपासून माळ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. "ते पिंप हिच्या बाबांचं नाही."

आई बराच वेळ ओट्यावरच्या फडक्याची घडी घालत राहिली. मग खाली बसली.

"मास्तर, त्या सेटमधलं काहीच त्यांचं नव्हतं."

"म्हणजे?"

"ते दवाखान्यात होते. घरात पाय ठेवायला जागा नाही, मी वैतागलेली. एका दुपारी भंगारवाल्याला बोलावलं आणि सगळा सेट देऊन टाकला. ते रोज विचारायचे, सेट झाकून ठेवलायस ना? मी म्हणायचे, हो. शेवटच्या दिवशीसुद्धा मी हो म्हणाले. हिला सांगितलं, मावशीकडे ठेवलाय. आता ती हट्टालाच पेटली, तेव्हा तसाच लाल शोधून आणला."

"पण ती तर म्हणाली, हाच आवाज…"

"नऊ वर्षांची होती हो. तिला काय आठवणार? तिला जो ऐकायचा होता, तो ऐकला तिने."

आत ठोके थांबले होते.

"सांगायला हवं तिला," मास्तर म्हणाले.

"हो. आत्ताच सांगू. पुन्हा धीर नाही व्हायचा."

आई पदराने डोळे पुसून उठली. दारापर्यंत गेली. आत मुलगी जमिनीवर बसली होती. मांडीवर उशी, बाजूला काढून ठेवलेला पडदा, आणि डोकं ड्रममध्ये.

"आई, लवकर ये!" ती आतूनच ओरडली. "बाबा सांगायचे ते खरंच होतं गं! मी दीड वर्षाची असताना त्यांनी पेन्सिलीने गिरवलेलं माझं पाऊल, अजून आहे बघ इथे!"